रोज आणि वेळेवर शाळा: मुलाकडून काय मागायचं, घराकडून काय?

हजेरीपट (धागाकर्ती)

मी तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत शिकवते. यंदा आठवीची वर्गशिक्षिका आहे. पुढच्या पालक सभेत हजेरी आणि वेळ हा विषय माझ्याकडे आलाय. त्याआधी घरोघरी जाणारं एक पत्रक लिहायचंय, त्यासाठी हा धागा.

जुनं पत्रक आहेच. विद्यार्थ्यांनी वेळेवर हजर राहावे, उशिरा येणाऱ्यास वर्गात घेतले जाणार नाही, 75 टक्के उपस्थिती आवश्यक, नोंद घ्यावी. पालक सही करून परत पाठवतात आणि सगळं पूर्वीसारखं चालू राहतं. माझा आक्षेप असा की हे पत्रक तेरा वर्षांच्या मुलाशी बोलतं. त्या वयाचं मूल किती वाजता घराबाहेर पडतं, कुठल्या गाडीने येतं, सोयाबीन काढणीच्या आठवड्यात वर्गात असतं की शेतात, यातलं फार थोडं त्याच्या हातात असतं. निर्णय मोठ्यांचे आणि उठाबशा त्याच्या, हे मला पटत नाही.

आमची शाळा 10:50 ला भरते, शनिवारी सकाळी 7:30 ला. गेल्या वर्षी मी उशिरा येणाऱ्यांच्या वहीत एक रकाना वाढवला: कारण. मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहायचं, त्यावर त्या वेळी मी काही बोलायचं नाही. दिवाळीच्या सुट्टीत ती वही सलग वाचली. एकाच दिशेच्या तीन वाड्यांवरची मुलं रोज त्याच दहा-बारा मिनिटांनी उशिरा येत होती, कारण त्यांची एसटीच फाट्यावर 10:55 ला पोचत होती. काही मुली धाकट्या भावंडाला अंगणवाडीत सोडून मग निघतात. काही मुलं डेअरीला दूध घालून येतात. उरलेल्यांत खरोखर रेंगाळणारी, रात्री उशिरापर्यंत मोबाइल बघणारीही आहेत. जुन्या पद्धतीत ही सगळी एकाच रांगेत उभी राहायची आणि एकच शिक्षा घ्यायची.

एसटीचं काम झालं. मुख्याध्यापकांनी वहीच्या पानांची प्रत जोडून आगार व्यवस्थापकांना पत्र दिलं, सोबत ग्रामपंचायतीचा ठराव. गाडी वीस मिनिटं अलीकडे आली आणि त्या तिन्ही वाड्यांचा उशीर जवळजवळ संपला. याच मुलांना पूर्वी परिपाठ संपेपर्यंत गेटबाहेर उभं केलं जायचं.

आता गैरहजेरीचं गणित. हे मी सभेत फळ्यावर करून दाखवणार आहे. शिक्षण हक्क कायद्यात (2009) सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान 220 दिवस आणि 1000 तास अध्यापन ठरवून दिलंय. पहिली ते पाचवीसाठी 200 दिवस आणि 800 तास. महिन्याला दोन दिवस बुडाले तर कुणालाच फार वाटत नाही. दहा महिन्यांत ते 20 होतात. पहिली ते आठवी तसंच चाललं तर 160, म्हणजे आठ वर्षांत जवळपास पाऊण वर्ष शाळा नाही. रोजची पंधरा मिनिटं धरली तर 220 दिवसांत 55 तास. आणि हे सगळे तास एकाच विषयाचे जातात, कारण पहिला तास ठरलेला असतो. आमच्या वर्गाला तो गणिताचा आहे. वार्षिक परीक्षेनंतर ‘याचं गणितच कच्चं आहे’ म्हणणाऱ्या पालकांना हे कुणीतरी दाखवायला हवं.

तर घराकडून नेमकं काय मागावं? पालक, शिक्षक, सगळ्यांनी लिहा.

निवृत्त_मुख्याध्यापक

मॅडम, विषय योग्य वेळी काढलात. माझी पहिली सूचना: सुरुवात आपल्यापासून करा. याच कायद्याच्या कलम 24 मध्ये शिक्षकांची कर्तव्यं दिली आहेत. त्यातलं पहिलंच कर्तव्य आहे, शाळेत नियमित आणि वेळेवर येणं. पालकांच्या नियमित बैठका घेऊन मुलाची हजेरी आणि प्रगती त्यांना सांगायची जबाबदारीही त्याच कलमाने शिक्षकावर टाकली आहे. सभेत हे मोठ्याने वाचा. ज्या शाळेत पहिल्या तासाचा शिक्षक दहा मिनिटं उशिरा वर्गावर जातो, तिथे मुलं दहा मिनिटं उशिरा येतात. हे मी अनेक शाळांत पाहिलं आहे.

दुसरं, कलम 17 प्रमाणे शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे. उठाबशा, उन्हात उभं करणं, सगळ्यांसमोर ‘आले बघा साहेब’ म्हणणं, हे सगळं त्यात येतं. अजूनही कित्येक ठिकाणी पालकच सांगतात, ‘सर, चांगला बडवा’. त्यांना नम्रपणे पण स्पष्ट नकार द्या.

तिसरं मात्र तुमच्या विरोधात आहे. सगळ्यालाच कारण शोधू नका. घरात मोठी माणसं नऊपर्यंत झोपून असतील तर तेही लिहायला हवं आणि त्यांना सांगायला हवं. पालकाला जबाबदार धरणं आपल्याकडे नवं नाही. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचं शिक्षण सुरू केलं आणि 1906 मध्ये ते सगळ्या संस्थानात नेलं. शाहू महाराजांनी 1917 मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला 1 रुपया दंड ठेवला होता. त्या काळी तो रुपया जड होता. अर्थात महाराजांनी दंडाबरोबर गावोगाव शाळा दिल्या आणि शिकणाऱ्यांसाठी वसतिगृहं उभी केली, हेही सांगायला हवं. दोन्ही हात चालले म्हणून जमलं.

पेठेतली_आई

पुण्याची वेगळी रड आहे. मोठीची शाळा 7:10 ची. बस 6:15 ला चौकात येते, म्हणजे तिला 5:30 ला उठवायचं. दहा वर्षांच्या मुलीला रात्री साडेआठला झोपवणं, नवरा-बायको दोघंही आठला घरी पोचत असताना, कसं जमायचं? 8 फेब्रुवारी 2024 चा शासन निर्णय आला, पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नयेत. मुलांची झोप होत नाही हा मुद्दा त्याआधी राज्यपाल रमेश बैस यांनी जाहीरपणे मांडला होता. मला तो निर्णय मनापासून पटला. पण धाकटा दुसरीत आणि मोठी पाचवीत. आता एकाची बस 6:15 ला आणि दुसऱ्याची 8:20 ला. शाळा दोन पाळ्यांत भरते, खोल्या तेवढ्याच, त्यामुळे धाकटा घरी येतो तोवर दुपार सरलेली असते.

मला पत्रकात एक गोष्ट हवीच आहे: गेट बंद करू नका. धाकट्याच्या जुन्या शाळेत पाच मिनिटं उशीर झाला की गेट बंद व्हायचं. एकदा पावसात रिक्षा अडकली. रिक्षाकाकांनी त्याला गेटपाशी सोडलं आणि ते पुढच्या मुलांना घेऊन गेले. सहा वर्षांचं मूल रस्त्यावर सुरक्षारक्षकाच्या खुर्चीशेजारी उभं, आणि आम्हाला फोन आला पहिला तास संपल्यावर. त्या वेळात त्याची जबाबदारी कुणाची होती, याचं उत्तर शाळेने शेवटपर्यंत दिलं नाही. मूल दारात आलं की आत घ्या. बोलायचं असेल तर आम्हाला बोलावून बोला, कितीही कडक बोला.

बालाघाट

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. आमच्याकडे पंधरा मिनिटांचा प्रश्न नसतो, पाच महिन्यांचा असतो.

दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला नेणाऱ्या मुकादमाच्या गाड्या लागतात. उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, आधीच घेतलेली असते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, ती सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडे किंवा कर्नाटकात साखर कारखान्यावर जाते आणि मार्च-एप्रिलमध्ये परत येते. मुलं सोबत. सातवी-आठवीतली मुलगी असेल तर ती कोपीवर (फडाजवळच्या झोपडीत) धाकट्याला सांभाळते, पाणी आणते, भाकरी करते. थोडी मोठी झाली की तिचं लग्न लावून नवा कोयता तयार करतात. हजेरीपटावर तिच्या नावापुढे सलग गैरहजेरी दिसते. तिला ‘अनियमित’ म्हणणारा शेरा लिहायला माझा हात धजत नाही.

यावर काय चालतं ते अनुभवाने सांगतो. हंगामी वसतिगृह. गाव सोडू नये म्हणून मूल आजी-आजोबांकडे राहतं आणि दोन्ही वेळचं जेवण शाळेच्या आधाराने मिळतं. हे गाड्या लागायच्या आधी सुरू व्हायला हवं. एकदा कुटुंब ट्रॅक्टरवर चढलं की मूल मागे ठेवायला आई तयार होत नाही, आणि तिचं चूक आहे असं मला म्हणता येत नाही. म्हणून मी गणपतीनंतर लगेच घरोघर फिरतो. आजी आहे का, तिला दिसतं का, रात्री मुलीसोबत कोण झोपणार, असे प्रश्न असतात. आईला शाळेच्या महत्त्वावर भाषण नको असतं, पोरगी सुरक्षित राहील याची खात्री हवी असते. जी मुलं जातातच, त्यांना शिक्षण हमी कार्ड देतो. त्यात मूल कितवीत आहे, काय येतं, याची नोंद असते आणि कारखान्याजवळच्या शाळेने ते बघून त्याला बसवून घ्यायचं असतं. मी कार्डावर माझा फोन नंबरही लिहितो. तिकडच्या गुरुजींनी फोन केला की मूल टिकतं, हे पाहिलं आहे.

सरांनी शाहू महाराजांच्या रुपयाचा उल्लेख केला. आपल्याकडे 1992 पासून दुर्बल घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना उपस्थिती भत्ता सुरू झाला, दिवसाला 1 रुपया. वर्षभर रोज आली तरी सव्वादोनशेच्या आत. 1917 मध्ये रुपया दंड म्हणून बोचत होता. भत्ता म्हणून आज त्याने एकही मुलगी वर्गात आणता येत नाही. एका दिवसाची मजुरी बुडते तेव्हा घर काय हिशोब करतं, हे या योजना आखणाऱ्यांनी एकदा फडावर येऊन बघावं.

हजेरीपट

बालाघाट सर, तुमचं वाचून पत्रकातला एक परिच्छेद बदलला. आमचा तालुका ऊस घेणारा आहे. कोप्या आमच्याच शिवारात पडतात. म्हणजे कार्ड घेऊन येणारं मूल आमच्या दारात येऊ शकतं, आणि आमच्या शाळेत कुणालाही त्या कार्डाबद्दल फारशी माहिती नाही. उद्याच मुख्याध्यापकांशी बोलते.

लेस्टरकर

इंग्लंडमधून लिहितो आहे. इथे दंड आहे आणि तो खराखुरा वसूल होतो, म्हणून त्याचा अनुभव सांगावासा वाटला.

शाळा वर्षाला 190 दिवस, प्रत्येक दिवसाची सकाळ आणि दुपार अशी दोनदा हजेरी. दहा शालेय आठवड्यांत विनापरवानगी दहा हजेऱ्या बुडल्या, म्हणजे पूर्ण पाच दिवस, की दंडाचा विचार होतो. ऑगस्ट 2024 पासून तो 80 पौंड आहे, 21 दिवसांत भरला तर. नंतर 160. आणि तो प्रत्येक पालकाला, प्रत्येक मुलामागे. दोन मुलांच्या घरात आई-वडील दोघांना मिळून 320 पौंड. उशिराचीही दोन अक्षरं आहेत. हजेरीपट उघडा असताना आलात तर ‘एल’, बंद झाल्यावर आलात तर ‘यू’, आणि ‘यू’ म्हणजे ती पूर्ण हजेरी विनापरवानगी बुडाली असं धरतात.

इथल्या मराठी घरांची अडचण ठरलेली: भावाचं लग्न डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, आणि शाळेची सुट्टी ख्रिसमसला. विमानाचं भाडं सुट्टीत दुप्पट होतं. बरेच जण दंड धरूनच तिकिटाचा हिशोब करतात आणि तरी स्वस्त पडतं म्हणून जातात. म्हणजे पैसे असलेल्याला दंड हा प्रवासखर्चातला एक आकडा होतो, आणि ज्या एकट्या आईचं मूल मानसिक त्रासामुळे घराबाहेर पडत नाही तिला तोच दंड चिरडतो. दंडावर विसंबू नका, एवढंच सांगेन.

पण एक गोष्ट इथून जरूर घ्या. मूल सकाळी आलं नाही आणि घरून काही कळलं नाही, तर शाळा त्याच सकाळी फोन करते. हजेरी म्हणजे मूल सुरक्षित आहे की नाही याची पहिली खूण, असं मानतात. आपल्याकडे मूल घरून निघालं आणि शाळेत पोचलंच नाही, तर संध्याकाळी पाचपर्यंत कुणालाच कळत नाही.

मालवणी_चाकरमानी

लेस्टरकर, लग्नाचं राहू द्या, आमच्या गणपतीचं बोला. मी मुंबईत असतो, गाव मालवणजवळ. गणपतीला घरी गेलो नाही असं एकही वर्ष नाही. कोकणातल्या शाळांना त्या दिवसांत सुट्टी असते, मुंबईच्या शाळा दोन-चार दिवस देतात, आणि मुलाच्या शाळेने तर एका वर्षी गौरीविसर्जनानंतर लगेच चाचणी ठेवली. गाडीचं आरक्षण दोन महिने आधी करावं लागतं, तेव्हा शाळेचं वेळापत्रक आलेलं नसतं. मग मी काय करायचं?

माझ्या मुलाला माटवी (गणपतीच्या वर टांगतात ती फळापानांची सजावट) बांधायला येते, आरत्या पाठ आहेत, भजनाला चुलत्यांबरोबर मृदंगावर बसतो. हे त्याला मुंबईत कोण शिकवणार? ही गैरहजेरी आणि मोबाइल बघून उशिरा उठल्याची गैरहजेरी एका रकान्यात टाकू नका.

हजेरीपट

दादा, एका रकान्यात टाकणार नाही. पण माझी बाजूही ऐका. तुम्ही आठ दिवस नेता तेव्हा त्या आठ दिवसांत वर्ग थांबत नाही. समजा त्याच आठवड्यात अपूर्णांकांचा भागाकार झाला. तुमचा मुलगा परत येतो तेव्हा पुढचा पाठ सुरू असतो, आणि त्याला नेमकं काय हुकलं हेच माहीत नसतं. दोन महिने आधी आरक्षण करता, तर दोन महिने आधी शाळेला सांगता येतं. मला जून-जुलैमध्ये कळलं तर मी त्या आठवड्याचा भाग आधी काढून देईन, परत आल्यावर मधल्या सुट्टीत दोन दिवस बसेन. बहुतेक वेळा होतं असं की मूल आठवडाभर दिसत नाही आणि परत आल्यावर डायरीत लिहिलेलं असतं, ‘ताप होता’. तिथे माझ्या हातातलं सगळं जातं. शिवाय मुलाला एक खोटं पाठ करून वर्गात उभं राहावं लागतं. ते मला सगळ्यात वाईट वाटतं.

आणि शाळांनी गौरीविसर्जनाच्या मागे चाचणी ठेवू नये, याबाबत मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे.

परिचारिका_माण

एक विषय कुणीच काढला नाही, म्हणून लिहिते. आठवी ते दहावीच्या मुलींची हजेरी महिन्याच्या तारखा लावून बघा. दर महिन्याला साधारण त्याच सुमाराला दोन-तीन दिवस नसतात. डायरीत लिहिलेलं असतं ‘पोटात दुखत होतं’. दुखतंही. पण दुखण्यापेक्षा भीती जास्त असते, डाग पडेल याची आणि शाळेत बदलायला जागा नाही याची.

कायद्याप्रमाणे शाळेत मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह असायलाच हवं, आणि बहुतेक ठिकाणी बांधलेलं आहेही. पण नळाला पाणी आहे का? दाराला आतून कडी आहे का? वापरलेला पॅड टाकायला झाकणाचा डबा आहे का? आमच्या दुष्काळी भागात उन्हाळ्यात टाकीत पाणी नसतं तेव्हा मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत, म्हणजे स्वच्छतागृहात जावं लागणार नाही. अशा मुलीला ‘नियमित ये’ सांगण्याआधी शाळेने कडी बसवावी. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असायला हव्यात. तिथल्या आयांनी हा विषय मांडला तर मुख्याध्यापकांना टाळता येत नाही.

दुखणं खूपच असेल तर ‘बायकांचं असंच असतं’ म्हणून सोडू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणा.

सातवीतल्या_मुलाचा_बाबा

पोटदुखीवरून आठवलं. आमच्या मुलाचं सकाळी पोट दुखायचं. रोज नाही, अधूनमधून. सुट्टीच्या दिवशी कधीच नाही, त्यामुळे आम्ही नाटक समजून ओरडायचो, ओढत न्यायचो. डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही निघालं नाही. वर्गशिक्षिकेने हजेरी आणि वेळापत्रक शेजारी शेजारी ठेवलं. बुडालेले दिवस सोमवार आणि गुरुवारचे. त्या दिवशी इंग्रजीच्या तासाला एकेकाला उभं करून धडा वाचायला लावत. त्याला ओळ वाचताना शब्द सुटतात, मागचा बाक हसायचा.

पोट खरंच दुखत होतं त्याचं. भीतीने दुखत होतं. आता त्याची वाचन-अक्षमतेची तपासणी झाली आहे, सवलतीचे कागद सुरू आहेत, आणि त्या तासाला त्याला आदल्या दिवशी सांगतात, उद्या तू हा परिच्छेद वाच. घरी तयारी करून जातो. सोमवार अजूनही जड जातो, पण जातो. हजेरीपट मॅडम, पत्रकात ‘मूल शाळा टाळतंय असं वाटलं तर आम्हाला सांगा’ असं एक वाक्य जरूर टाका. आम्हाला वाटलं होतं, शाळेला सांगितलं तर त्याच्यावर शिक्का बसेल.

व्हॅनकाका

मी शाळेची व्हॅन चालवतो. लोक उशिराचं खापर आमच्यावर फोडतात म्हणून लिहितो. माझ्या फेरीत बारा घरं आहेत. प्रत्येक घरी ‘काका, दोन मिनिटं, बूट घालतोय’ झालं की चोवीस मिनिटं गेली. शेवटच्या घरचं पोरगं दहा मिनिटं आधीच येऊन रस्त्यावर उभं असतं आणि उशिराचा शिक्का त्याच्याही डायरीत बसतो. मी हॉर्न वाजवला तर सोसायटीचे लोक ओरडतात. न थांबता निघालो तर आई फोनवर ओरडते.

आता मी जूनमध्येच पालकांना सांगतो, एक मिनिट थांबणार, मग निघणार. दोन पालकांनी व्हॅन बदलली. बाकीच्यांची पोरं दारात उभी असतात. दप्तर रात्री भरून ठेवा आणि बूट दाराशी ठेवा, एवढं घरच्यांनी केलं तरी निम्मा उशीर जाईल.

अकरावीचा_वर्ग

कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. इथे सगळे आठवीपर्यंतचं बोलत आहेत. दहावीनंतर काय होतं तेही बघा. विज्ञान शाखेत यादीत वर्ग भरलेला, समोर बाकं रिकामी. प्रवेश आमच्याकडे, मुलं दिवसभर शिकवणी वर्गात, आणि 75 टक्के हजेरी कागदावर जुळवली जाते. पालक स्वतः येऊन विचारतात, ‘हजेरीचं बघाल ना?’ आठ वर्षं ज्या मुलाला उशीर झाला म्हणून गेटबाहेर उभं केलं, त्याला सोळाव्या वर्षी आपण सगळे मिळून शिकवतो की हजेरी मांडवली करण्याची गोष्ट आहे. मला याचा फार त्रास होतो. पत्रकाशी याचा थेट संबंध नाही, पण कुठेतरी लिहायचं होतं.

हजेरीपट

सगळ्यांचे आभार. पत्रकाचा मसुदा खाली देते.

‘आदरणीय पालक, आपलं मूल रोज आणि वेळेवर वर्गात असावं यासाठी आम्हाला आपली मदत हवी आहे. मूल येणार नसेल तर पहिल्या तासाआधी वर्गशिक्षकांना फोन करा किंवा निरोप द्या. नुसता मिस्ड कॉल दिलात तरी आम्ही उलट फोन करू. कारण खरं सांगा. काढणी असो, जत्रा असो, घरात भांडण असो, त्यावरून मुलाला किंवा आपल्याला कुणी बोलणार नाही. लग्न किंवा गावी जाणं आधी ठरलं असेल तर आधी कळवा, हुकणारा अभ्यास आम्ही काढून देऊ. उशीर झाला तरी मुलाला पाठवा. त्याला गेटबाहेर ठेवलं जाणार नाही आणि शिक्षा केली जाणार नाही. वहीत वेळ आणि कारण लिहून ते थेट वर्गात बसेल. एका आठवड्यात तीनदा उशीर झाला तर आम्ही आपल्याशी बोलू. रात्री मोबाइल मोठ्यांकडे ठेवावा आणि दप्तर भरून ठेवावं, ही विनंती. धाकट्या भावंडासाठी किंवा घरकामासाठी मुलीला घरी ठेवावं लागत असेल तर आमच्याशी बोला, अंगणवाडीची वेळ बदलते का ते आम्ही विचारू. मूल शाळेला घाबरतंय, टाळतंय असं वाटलं तर लगेच सांगा. आमच्याकडून: निरोप न देता मूल आलं नाही तर दुपारी 12 च्या आत आपल्याला फोन येईल. पहिल्या तासाचे शिक्षक घंटेला वर्गावर असतील. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आणि दाराला कडी असेल.’

कडीचं वाक्य लिहायच्या आधी स्वतः जाऊन पाहिलं. एका दाराला नव्हती. काल बसवून घेतली.

निवृत्त_मुख्याध्यापक

चांगलं झालंय. ‘उशीर झाला तरी मुलाला पाठवा’ हे वाक्य सगळ्यात वर आणा. उशीर झाला की ओरडा बसेल म्हणून अख्खा दिवस घरी राहणारी मुलं फार असतात.

बालाघाट

मॅडम, पत्रक वाचणार कोण? माझ्याकडे निम्म्या घरांत वाचणारं माणूस नाही, आजीच्या हाती कागद जातो. मी प्रत्येक सूचना मोबाइलवर माझ्या आवाजात बोलून पाठवतो, आणि ज्यांच्याकडे तसा फोन नाही त्यांच्यासाठी शेजारच्या मुलाला वाचून दाखवायला सांगतो. तुम्हीही बोलून पाठवा. लेखी भाषेपेक्षा तुम्ही इथे बोलता तशा भाषेत.

परिचारिका_माण

सभा कधी ठेवली आहे? कामाच्या दिवशी सकाळी ठेवली तर मजुरी बुडवून कोण येणार?

हजेरीपट

वाक्य वर आणलं. माझ्या आवाजात उद्या रेकॉर्ड करते, मुलींच्या स्वच्छतागृहाचा भाग आमच्या शिपाई मावशी बोलणार आहेत, त्यांना गाव ओळखतं.

सभा शनिवारी सकाळी ठरली होती. ती आता मंगळवारी दुपारी 4 ला घेतोय. मंगळवारी इथे आठवडे बाजार असतो, वाड्यांवरची माणसं येतातच, आणि परतीची एसटी 5:30 ला आहे.